कोणता चमचा?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या बाजारपेठेतलं एक मेडिकल. संध्याकाळचे साडेपाच. पाड्याकडे जाणारी शेवटची जीप भरत आलीय आणि ड्रायव्हर दर मिनिटाला हॉर्न मारतोय. काउंटरपाशी एक बाई उभी आहे, कडेवर तापाने मलूल झालेलं पोर. पोराला ताप आहे एवढं ती पावरी बोलीत सांगते. काउंटरवरचा मुलगा मागच्या फळीवरून बाटली काढतो, खोक्यावर पेनाने १-१-१ असं लिहितो आणि म्हणतो, "एक-एक चमचा, तीन टाइम." बाई मान हलवते, पदराची गाठ सोडून पैसे देते आणि जीपकडे पळते. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नाही.

कोणता चमचा, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आजचं सगळं सदर त्या चमच्यावर खर्च करतोय.

तापाचं साधं पॅरासिटामॉल घ्या. लहान मुलांसाठी ते आपल्याकडे निदान तीन ताकदींत मिळतं. साध्या सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं. जास्त ताकदीच्या सिरपच्या तेवढ्याच ५ मिलीत २४० किंवा २५०. आणि तान्ह्यांसाठीच्या थेंबांच्या बारक्या बाटलीत एकेका मिलीलाच १०० मिलिग्रॅम. तिन्ही एकाच फळीवर शेजारी-शेजारी, पुष्कळदा एकाच कंपनीची, एकाच रंगाच्या खोक्यात. पोराला द्यायची मात्रा ठरते वजनावरून: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. सहा किलोच्या पोराला ६० ते ९०. थेंबांच्या बाटलीतून हे एक मिलीही होत नाही. त्याच बाटलीतून कुणी 'एक चमचा' पाजला, तर पाच मिलीत ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. मोठ्या माणसाची अख्खी गोळी. तीन टाइम. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे लिव्हरवर येतं, आणि तेव्हा घरचे म्हणतात की ताप डोक्यात गेला.

आता यात नंदुरबार मिळवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१च्या पाहणीत, या जिल्ह्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी भरलं. कुपोषणावर बोलताना हा आकडा सगळे सांगतात. औषधाच्या काउंटरवर मात्र तो कुणी आणत नाही. मेडिकलवर विचारतात, "पोर केवढं आहे?" उत्तर येतं, "दोन वर्षांचं." दोन वर्षांचं म्हणून जी मात्रा हातात पडते ती भरल्या अंगाच्या पोराची असते. समोरचं पोर सात किलोचं आहे. पुण्या-मुंबईत वय विचारून एकवेळ भागत असेल. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत वय विचारून दिलेली मात्रा चुकण्याचीच शक्यता जास्त.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. या जिल्ह्यातल्या फार्मासिस्टला रुग्णाची काळजी आणि औषधाची सुरक्षितता हे विषय मोफत शिकवले पाहिजेत, नियमित शिकवले पाहिजेत, आणि ते त्याच्या गावाजवळ जाऊन शिकवले पाहिजेत. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण नेमकी तीच कुणी पाळत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. १९४८चा फार्मसी कायदा सांगतो की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. औषध नियमही सांगतात की ते त्याच्या देखरेखीखाली दिलं गेलं पाहिजे. भारतीय फार्मसी परिषदेने २०१५मध्ये फार्मसी व्यवसायाचे नियम काढले. त्यात फार्मासिस्टने रुग्णाला काय समजावून सांगायचं तेही आलं: औषधाचं नाव, मात्रा, ते कसं घ्यायचं, कसं ठेवायचं, एखादी वेळ चुकली तर काय करायचं. आणि त्याच नियमांत अशी अट आली की नोंदणीचं नूतनीकरण हवं असेल तर पाच वर्षांत निदान दोन उजळणी वर्ग, प्रत्येकी निदान एक दिवसाचे, पूर्ण केलेले असावेत.

पाच वर्षांचे दिवस होतात अठराशेच्या वर. त्यातले शिकायचे दोन. अमेरिकेत अनेक राज्यांत परवाना टिकवायला फार्मासिस्टला वर्षाकाठी १५ तासांच्या आसपास शिक्षण दाखवावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं फुकट मिळतं. आपण दोन दिवस मागतो, आणि त्या दोन दिवसांचंही पुष्कळ ठिकाणी प्रमाणपत्रच उरतं. सही, चहा, जेवण, फोटो, प्रमाणपत्र. डायबेटिसच्या नव्या गोळ्यांवर इंग्रजीत साठ स्लाइड. मागच्या रांगेतला माणूस स्लाइडचा फोटो काढतो आणि तो फोटो पुन्हा कधी उघडत नाही. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या गावात त्या नव्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टरच नाही. त्याच्या काउंटरवर ताप येतो, हगवण येते, खोकला येतो, 'रक्तवाढीची गोळी' मागणारे येतात आणि सिकलसेल येतो.

सिकलसेलचंच बघा. १ जुलै २०२३ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, आणि आपला जिल्हा या आजाराच्या पट्ट्यात येतो. फिकट पडलेली मुलगी आणि तिची आई मेडिकलवर येतात. फिकटपणा दिसला की काउंटरवरून लोहाची गोळी किंवा लाल टॉनिक देणं ही सगळ्यांची सवय. पण सिकलसेलच्या रुग्णाला, विशेषतः ज्याला पुन्हा पुन्हा रक्त चढवलंय त्याला, लोहाची कमतरता तपासून खात्री झाल्याशिवाय लोह देत नाहीत. साठलेलं लोह अवयव खराब करतं. त्याला लागतं ते फॉलिक ॲसिड. हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल चालू असतील तर ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी लागते, दिवस गेल्याची शंका आली तर लगेच डॉक्टरांना सांगावं लागतं, आणि कॅप्सूल फोडून पावडर काढायची नसते. लोहाची बाटली हातात ठेवण्याआधी "घरात कुणाला सिकलसेल आहे का?" एवढं एक वाक्य विचारायला शिकवणारा वर्ग या जिल्ह्यात वर्षातून दोनदा झाला, तरी तो डायबेटिसच्या साठ स्लाइडपेक्षा मोलाचा ठरेल.

ओआरएसचीही तीच गत. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं, छोटी पुडी २०० मिलीची. मोठ्या पाकिटातली पावडर थोडी-थोडी करून ग्लासात टाकत राहायची, ही घरोघरची रीत. प्रमाण चुकलं, पाणी खारट झालं, की तेच पाणी पोराला बाधतं. वर काही वर्षं दुकानांत ओआरएस असं नाव मिरवणारी गोड पेयं विकली गेली. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव लावण्यावर बंदी आणली. आदेश दिल्लीत निघाला. मोलगीच्या दुकानातल्या फळीवरचं खोकं कुणी उचलायचं? तिथल्या फार्मासिस्टनेच. त्याला तो आदेश कळवणारं, समजावून देणारं माणूस कोण?

खोकल्याच्या औषधाबद्दल तर मला गप्प बसवतच नाही. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, चौदा रुग्ण गेले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधव्यवस्थेची लक्तरं बाहेर काढली. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या सिरपमधल्या त्याच विषाने गेली. त्यातली बरीच नागपूरच्या रुग्णालयांत गेली. त्याआधी, डिसेंबर २०२३मध्येच, सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांच्यावर, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा छापायला औषध नियंत्रकांनी सांगितलं होतं. कारखान्यात विष मिसळलं तर ते काउंटरवर दिसणार नाही, हे मला कळतं. पण बॅच नंबर वाचून बाटली परत पाठवणारा, दोन वर्षांच्या पोराला सर्दीचं मिश्रण न देता आईला परत पाठवणारा माणूस काउंटरवरच असतो. त्याच्यापुढे औषध अडवायला दुसरं कुणी नाही. पुढे थेट पोराचं तोंड आहे.

हे सगळं मी बोललो तेव्हा अक्राणीकडच्या एका दुकानदार फार्मासिस्टने मला शांतपणे विचारलं, "वर्ग मोफत आहे म्हणता. माझा दिवस मोफत आहे का?"

त्याचा हिशोब असा. वर्ग नंदुरबारला. पहाटे निघायचं, चांदसैलीचा घाट उतरायचा, पावसाळ्यात दरड आली तर लांबचा फेरा. जायचं-यायचं भाडं, जेवण, दिवसाची बुडालेली विक्री. पण खरी अडचण पैशाची नाहीच. कायद्याने फार्मासिस्ट दुकानात हवा. तो वर्गाला गेला तर दुकानाला कुलूप लावायचं. गावात दुसरं मेडिकल नसेल तर त्या दिवशी आलेल्या रुग्णाने काय करायचं? आणि कुलूप लावलं नाही, तर मघाचा तो काउंटरवरचा मुलगा दुकान चालवणार. म्हणजे औषध सुरक्षित कसं द्यावं हे मालक नंदुरबारला शिकत बसणार, आणि त्याच वेळी त्याच्या दुकानात ते असुरक्षित दिलं जाणार.

मला याचं उत्तर देता आलं नाही. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, उत्तर त्याने द्यायचंच नाही. ते व्यवस्थेने द्यायचंय. महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषद उजळणी वर्ग घेते. नंदुरबारला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत जिल्हा परिषदेचे औषध निर्माण अधिकारी आहेत. या तिघांना एका खोलीत आणा, आणि ती खोली धडगावला, मोलगीला, तळोद्याला, नवापूरला असू द्या. बाजाराचा दिवस सोडून, दुपारी तीन तास. ज्या गावात एकच मेडिकल आहे तिथे त्या दिवसापुरता दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट बसवा, आणि अशा एका दिवसाच्या बदलीला अन्न व औषध प्रशासनाने लेखी मुभा द्यावी. खर्च किती येईल? एका दिवसाचा पगार आणि जीपचं भाडं. कुणी म्हणेल, हे ऑनलाइन करून टाका, स्वयमसारख्या सरकारी मंचावर शिकायला पैसे पडत नाहीत. जरूर करा. पण अक्राणीच्या कित्येक पाड्यांत फोन लावायला आजही टेकडी चढावी लागते. टेकडीवर उभं राहून तीन तासांचा अभ्यासक्रम होत नाही.

काउंटरवरच्या मुलालाही त्याच खोलीत बसवा. हे वाक्य काहींना झोंबेल. ज्याला औषध द्यायचा अधिकार नाही त्याला शिकवायचं कशाला, असं विचारतील. २०१२च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टविना चालणाऱ्या दुकानांवर राज्यभर कारवाई झाली, मोठा गदारोळ उठला, संघटना रस्त्यावर आल्या. कारवाई योग्यच होती, आणि आजही ती हवी. भिंतीवरचं प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरमागे दुसराच, हे चालता कामा नये. पण फार्मासिस्ट दुकानात हजर असला तरी बाटल्या उतरवतो, पट्ट्या कापतो, पाकिटात भरतो तो हा मुलगाच. त्याला निदान पट्टी कशी कापायची ते शिकवा.

पट्टी कापणं ही केवढीशी गोष्ट, असं वाटेल. दहा गोळ्यांच्या पट्टीवर मुदतीची तारीख आणि बॅच नंबर बहुधा एकाच टोकाला छापलेला असतो. गिऱ्हाईक चार गोळ्या मागतं. मुलगा कात्री घेतो आणि जे टोक हाताशी येईल ते कापतो. तारखेचं टोक गिऱ्हाइकाबरोबर गेलं की दुकानात उरतात सहा निनावी गोळ्या. पुढे त्या डब्यात पडतात, आणि डब्यात तशाच रंगाच्या दुसऱ्या गोळ्या असतात. तारखेचं टोक शेवटपर्यंत दुकानात ठेवायचं आणि गिऱ्हाइकाला देताना पाकिटावर औषधाचं नाव व मुदत लिहायची, एवढंच शिकायचंय. दहा मिनिटांचा धडा. तो मला कुठल्याही उजळणी वर्गाच्या पत्रिकेवर दिसला नाही.

पाकिटावर लिहिणं हाही इथे वेगळाच विषय. १-०-१ हे ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र काढायचा, आणि जितक्या गोळ्या तितके ठिपके द्यायचे. उपाशीपोटीला रिकामं ताट, जेवणानंतरला भरलेलं. काही जुने फार्मासिस्ट हे आपल्या मनाने करत आले आहेत, त्यांना कुणी शिकवलेलं नाही. त्यांना वर्गात श्रोता म्हणून बसवू नका, फळ्यापाशी उभं करा. पावरी, भिलोरी, मावची या बोलींत 'हलवून घे', 'उकळून गार केलेलं पाणी', 'ताप उतरला तरी गोळ्या पूर्ण कर' ही वाक्यं कशी म्हणायची, हे ज्याला येतं तो या जिल्ह्यात माझ्या मते निम्मा डॉक्टर आहे.

आणखी एक गोष्ट शिकवायला हवी: चूक सांगायला. १९७५मध्ये अमेरिकेत मायकेल कोहेन नावाच्या फार्मासिस्टने एका व्यावसायिक मासिकात औषधांच्या चुकांवर सदर सुरू केलं. लोक आपल्या हातून झालेल्या चुका कळवत, तो त्या छापून इतरांना सावध करी. त्या सदरातून पुढे औषध सुरक्षिततेसाठी झटणारी एक संस्था उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये औषधांमुळे होणारी इजा टाळण्याची जगभरची मोहीम काढली तेव्हाही चुका लपवू नका, त्यातून शिका, हाच आग्रह होता. आपल्याकडे चूक सांगितली की परवाना जाईल ही भीती. निदान औषधाने झालेला त्रास तरी कळवू या. २०१० पासून देशात त्यासाठी औषधदक्षता कार्यक्रम आहे, १८००-१८०-३०२४ हा त्याचा मोफत फोन, आणि तिथे फार्मासिस्टच काय, रुग्णही कळवू शकतो. हा नंबर मेडिकलच्या काचेवर चिकटवलेला मी या जिल्ह्यात अजून पाहिलेला नाही. काचेवर कर्जाच्या जाहिराती आहेत, मोबाइल रिचार्जची पाटी आहे.

मध्यंतरी शहाद्याला अशाच एका छोट्या वर्गाला मी मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. बोलावलेला तज्ज्ञ चांगला होता, मराठीत बोलत होता, वजनावरून मात्रा काढायचं गणित त्याने फळ्यावर व्यवस्थित मांडलं. मग डोंगराकडून आलेला एक जण उठला आणि म्हणाला, "सर, गणित कळलं. पण आईला पोराचं वजनच माहीत नसतं. आणि माझ्या दुकानात बाळाचा काटा नाही."

तज्ज्ञ थांबला. त्याच्या स्लाइडमध्ये हे नव्हतं.

उत्तर तिसऱ्या रांगेतून आलं, केस पिकलेल्या एका फार्मासिस्टकडून. माझ्याकडे मोठ्या माणसांचा साधा काटा आहे, ते म्हणाले. आईला पोर घेऊन उभं करतो, आकडा लिहितो. मग पोर आमच्या मुलाच्या हातात देऊन आईला एकटीला उभं करतो. वजा करतो. अर्धा किलो इकडे-तिकडे होतं, पण पाचपट चूक होत नाही. आलेला आकडा बाटलीच्या खोक्यावर लिहितो. मग टोपणात आधी पाणी भरून आईकडून मापून घेतो. पहिल्यांदा ती काठोकाठ भरते. रेघ दाखवली की दुसऱ्यांदा बरोबर भरते. मगच औषध देतो.

"आणि जीप?" कुणीतरी विचारलं.

"जीपवाल्याला सांगून ठेवलंय," ते म्हणाले, "माझ्या दुकानात बाई दिसली तर हॉर्न मारायचा नाही."